चार, एक, सतरा

जपानी विणकामाच्या पुस्तकात व्ही गळ्याच्या हाफ स्वेटरला फार तर दोन पाने मिळतात. एका पानावर फोटो असतो. दुसऱ्या पानावर दोन आकृत्या, एक पाठीची आणि एक पुढ्याची, शिंप्याने कापडावर खडूने आखाव्यात तशा सरळ रेघांच्या. आकृतीभोवती आकडे असतात: रुंदी इतके सेंटिमीटर म्हणजे इतके टाके, उंची इतके सेंटिमीटर म्हणजे इतक्या ओळी. गळ्याच्या तिरक्या रेघेला लागून बारीक अक्षरात लिहिलेले असते ४-१-१७. सबंध पानावर पूर्ण वाक्ये शोधायला गेले तर दोन-चार सापडतील.

चार ओळींनी, एक टाका, सतरा वेळा. पहिला आकडा ओळींचा, दुसरा कमी करायच्या टाक्यांचा, तिसरा किती वेळा करायचे त्याचा. हा क्रम एकदा डोक्यात बसला की जपानी भाषेचे एक अक्षर न येता स्वेटर विणता येतो. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही, पण विणकामाच्या पुस्तकासाठी त्यांच्याकडे जायची गरज पडत नाही. इंग्रजी पद्धतीच्या नमुन्यात हीच गोष्ट परिच्छेदभर लिहितात. कोणत्या ओळीला काय करायचे, मग परत फिरून काय करायचे, लहान मापाला किती आणि मोठ्या मापाला किती, हे सगळे कंसांच्या रांगेत येते. वाचताना एक कंस चुकला की दंडाजवळ गोंधळ. जपानी आराखड्यात आधी कपडा दिसतो, मग आकडे दिसतात, आणि हात कसे चालवायचे ते विणणारीवर सोडलेले असते. माझ्या मते विणकामाला जपानने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. त्यांच्या प्रसिद्ध जाळीच्या विणी आणि वेण्या यांचा नंबर त्यानंतर.

हे ज्या देशात घडले तिथे मुळात मेंढ्याच नव्हत्या. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर धनगरांचे कळप फिरत आले, घोंगडी विणली गेली. ती लोकर मात्र राठ, अंगालगतच्या स्वेटरला न चालणारी. जपानात लोकरच नव्हती, तेव्हा विणलेली वस्तू आली ती परदेशी जहाजांतून, सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांनी आणलेल्या मोज्यांच्या रूपात. मितोचा जहागीरदार तोकुगावा मित्सुकुनी १७०१ मध्ये वारला. त्याच्या वापरातले विणलेले मोजे मितोच्या तोकुगावा संग्रहालयात जपून ठेवले आहेत. पुढे एदो काळाच्या उत्तरार्धात कमी पगाराचे सामुराई घरखर्चाला हातभार म्हणून विणकाम करू लागले. उत्तरेकडच्या मात्सुमाए जहागिरीतले सामुराई त्यात विशेष नावाजलेले. मोजे, हातमोजे, तलवारीच्या मुठीची आवरणे, असला माल ते सुती धाग्यात विणत. म्हणजे जपानात विणकामाची पहिली नाव घेण्याजोगी पिढी तलवार बाळगणाऱ्या पुरुषांची होती.

लोकर आली ती मेजी राजवटीत, आणि आली सैन्यासाठी. गणवेश आणि ब्लँकेटांचे कापड परदेशातून विकत घेणे परवडेना, म्हणून सरकारने १८७९ मध्ये तोक्योतल्या सेंजू इथे लोकरीचे कापड काढणारी गिरणी सुरू केली. जर्मनीत हे तंत्र शिकून आलेला इनोउए शोझो तिचा पहिला प्रमुख. हातविणीची लोकर घराघरांत पोचायला त्यानंतर आणखी काही दशके गेली. मुलींच्या शाळांत विणकाम शिकवले जाऊ लागले. १९२३ मध्ये हागिवारा मासा या तरुण बाईने घरगुती विणयंत्र तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर याच जातीच्या यंत्रांवर कितीतरी विधवांनी आपला संसार चालवला. त्या टंचाईच्या वर्षांत जुना स्वेटर उसवून नवा विणणे ही रीतच होती. उसवलेली लोकर कुरळी राहते, म्हणून ती उकळत्या किटलीच्या वाफेवरून ओढून सरळ करीत. त्यासाठी किटलीच्या तोंडाला बसवायचे खास साधनही मिळे. आपल्याकडे उसवलेल्या लोकरीच्या लडी करून, धुऊन, खाली वजन टांगून दोरीवर वाळवायच्या, ते आठवणाऱ्या बायका अजून पुष्कळ आहेत.

आराखड्याची सवय मात्र विणकामातून आलेली नाही, ती शिवणकामातून आली. पाश्चात्त्य कपडे शिवायला शिकवणाऱ्या शाळा जपानात विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जोमाने वाढल्या. १९२३ मध्ये मान्यता मिळालेली तोक्योची बुन्का ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिथे मुलींना आधी अंगाच्या मापावरून कागदावर मूळ आराखडा काढायला शिकवीत, मग त्यातून झगा, कोट, ब्लाउज. त्याच मुली विणायला बसल्या तेव्हा त्यांनी स्वेटरचाही कागद आखला. कापडात जिथे कात्री चालते तिथे विणकामात टाके कमी होतात, एवढाच फरक. १९५४ मध्ये सुरू झालेल्या निहोन व्होग या प्रकाशनाने आणि त्याच्यासारख्या इतरांनी ही पद्धत देशभर एकसारखी केली. विणीच्या खुणा तर औद्योगिक मानकांतच जाऊन बसल्या. स्क्रू-बोल्टची मापे ठरवणाऱ्या जपानी औद्योगिक मानकांत एल ०२०१ या क्रमांकाखाली सुलट टाका, उलट टाका, जाळीसाठी घेतलेला दोरा, वेणीचा पीळ, या सगळ्यांच्या खुणा नोंदलेल्या आहेत. उभी रेघ म्हणजे सुलट, आडवी रेघ म्हणजे उलट, लहान वर्तुळ म्हणजे सुईवर घेतलेला जादा दोरा. कोणत्याही प्रकाशकाचे पुस्तक घ्या, उभी रेघ सुलटच. विणकाम शिकवण्याचा परवाना देणारे अभ्यासक्रम आणि पायरीपायरीच्या परीक्षा याच खुणांवर उभ्या आहेत.

या खुणांबद्दल एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. खूण हाताची कृती सांगत नाही. स्वेटर समोरून पाहिल्यावर जे दिसेल ते सांगते. त्यामुळे उलट बाजूने परत येताना जिथे उभी रेघ आहे तिथे हाताने उलट टाका घालायचा, म्हणजे समोरून तो सुलट दिसेल. समोरची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, परतीची डावीकडून उजवीकडे. आणि सगळा आराखडा खालून वर वाचायचा, कारण स्वेटर खालून वर वाढतो. टाके कमी करण्याच्या आकड्यांची उतरंडही खालून वर वाचतात. मुंढ्याजवळ चार ओळींत आकडे लिहिलेले असतील तर सर्वांत खालचा आधी. वरून वाचायला सुरुवात केली तर मुंढा बरोबर उलटा होतो आणि बगलेत लोकरीचा पुंजका जमतो.

हाफ स्वेटरच का, बाह्यांचा का नाही? बाह्यांच्या स्वेटरमध्ये बाहीचा गोलवा मुंढ्याशी जमवावा लागतो आणि ते प्रकरण वेगळ्या पुस्तकाचे आहे. हाफ स्वेटरमध्ये फक्त तीन उतार असतात, मुंढ्याचा, गळ्याचा आणि खांद्याचा, आणि तिन्ही तीन वेगवेगळ्या रीतींनी काढतात. ते जमले तर आराखड्याची भाषा आली असे समजायला हरकत नाही.

शिवाय जपानात हा कपडा फार रुळलेला आहे. शाळकरी मुलामुलींच्या गणवेशात गडद निळा किंवा राखी व्ही गळ्याचा हाफ स्वेटर असतो, उन्हाळी आणि हिवाळी गणवेशांच्या मधल्या दिवसांत शर्टावर घालायला. कार्यालयांत त्याला आणखी एक कारण मिळाले. २००५ च्या हिवाळ्यात सरकारने कार्यालयांतली हीटिंग २० अंशांवरच ठेवा, अंगावर कपडे वाढवा, अशी मोहीम काढली. कोटाच्या आत मावणारा, हात मोकळे ठेवणारा कपडा म्हणून हाफ स्वेटर तिथे चपखल बसला. त्याला पोशाखाचा मान मिळाला होता तो मात्र आधीच, १९६० च्या दशकात. व्हॅन जॅकेट या कंपनीचे इशिझू केन्सुके यांनी अमेरिकन विद्यापीठांतल्या मुलांची वेशभूषा जपानी तरुणांना विकली. १९६५ साली आलेले ‘टेक आयव्ही’ हे छायाचित्रांचे पुस्तक त्या वेडाचे बायबलच झाले. क्रिकेटच्या मैदानावर आपण जो पांढरा, वेण्यांच्या विणीचा, गळ्याला आणि काठाला रंगीत पट्टे असलेला बिनबाह्यांचा स्वेटर पाहत आलो तोच जपानी दुकानात टिल्डन या नावाने मिळतो, तीनदा विम्बल्डन जिंकलेल्या बिल टिल्डनवरून. क्रिकेट तिथे फारसे रुजले नाही, स्वेटर रुजला.

आता आकड्यांकडे. हे गणित कुठल्याही पुस्तकातले नाही, इथे समजावण्यासाठीच बांधले आहे. पण यावरून खरोखर स्वेटर निघेल.

छाती ९० सेंटिमीटर धरू. सैलपणासाठी १० सेंटिमीटर, म्हणजे स्वेटरचा घेर १००, पाठ ५० आणि पुढा ५०. मध्यम जाडीच्या लोकरीत, सुलट विणीत, नमुना विणून मोजल्यावर १० सेंटिमीटर रुंदीत २२ टाके आणि १० सेंटिमीटर उंचीत ३० ओळी आल्या असे समजा. ५० सेंटिमीटरला ११० टाके झाले. व्ही गळ्याला मधोमध एक टाका लागतो, म्हणून संख्या विषम हवी. एक वाढवून १११.

सगळे पुढचे हिशोब या २२ आणि ३० वर उभे आहेत, म्हणून नमुना विणायचा कंटाळा करू नये. एखादीचा हात घट्ट असेल आणि २२ ऐवजी २४ टाके बसत असतील, तर १११ टाक्यांची रुंदी ५० न होता ४६ सेंटिमीटर होते. पाठ-पुढा मिळून आठ सेंटिमीटरहून जास्त गेले, सैलपणा जवळजवळ संपला. नमुना निदान १५ सेंटिमीटरचा चौकोन असावा, कारण काठाचे टाके ओढलेले असतात, मोजायचे मधले. आणि मोजण्याआधी तो धुऊन वाळवावा, कारण स्वेटरही धुतला जाणारच आहे.

बगलेपर्यंतची उंची ३० सेंटिमीटर, म्हणजे ९० ओळी. खालची पट्टी यात धरलेली नाही, आणि इथे जपानी रीत आपल्यापेक्षा निराळी आहे. आपण पट्टीपासून सुरू करतो, बारीक सुयांवर एक सुलट एक उलट. जपानी विणणारी पुष्कळदा वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्याची क्रोशाची साखळी घालते, तिच्यातून टाके उचलून थेट स्वेटरच्या अंगाला सुरुवात करते. सगळे झाल्यावर साखळी उसवते, मोकळे झालेले टाके बारीक सुईवर घेते आणि पट्टी वरून खाली विणते. पट्टी शेवटी सुईदोऱ्याने टाक्याटाक्यातून ओवून बंद करते, त्यामुळे काठ ताणला तरी तुटत नाही. याचा फायदा वर्षा-दोन वर्षांनी कळतो. मूल उंच झाले की पट्टी उसवून अंग लांबवायचे आणि पट्टी पुन्हा विणायची. वरचा स्वेटर जसाच्या तसा. मुलांचे स्वेटर विणणाऱ्या प्रत्येकीने ही रीत उचलावी असे मला वाटते.

बगलेपाशी मुंढा सुरू होतो. खांद्यापासून खांद्यापर्यंत ३६ सेंटिमीटर हवेत, म्हणजे ७९ टाके. १११ मधून ७९ गेले, उरले ३२. प्रत्येक बाजूला १६ कमी करायचे. सगळे एका दमात बंद केले तर बगलेत काटकोन होईल, सावकाश केले तर मुंढा तिरका आणि ढगळ. म्हणून आधी ५ टाके बंद. मग २-२-२, म्हणजे दोन ओळींनी दोन टाके, दोनदा. मग २-१-५. शेवटी ४-१-२. बेरीज ५, ४, ५, २, एकूण १६. आकड्यांकडे नीट पाहिले तर मुंढ्याचा गोलवा त्यांतच दिसतो: सुरुवातीला झपाट्याने आत, मग हळूहळू, मग सरळ उभे. यात २२ ओळी गेल्या. मुंढ्याची सरळ उंची २२ सेंटिमीटर म्हणजे ६६ ओळी, तेव्हा उरलेल्या ४४ ओळी काही न करता विणायच्या.

गळा मुंढ्याबरोबर त्याच ओळीपासून सुरू करू. १११ मधला ५६ वा टाका पिनेवर काढून ठेवायचा. दोन्ही बाजूंना ५५-५५ टाके उरले आणि इथून पुढा दोन भागांत वेगवेगळा विणायचा. गळ्याची रुंदी १६ सेंटिमीटर, म्हणजे ३५ टाके. मधला एक गेला, प्रत्येक बाजूला १७ कमी करायचे. गळ्याची उंची मुंढ्याचे २२ सेंटिमीटर अधिक खांद्याच्या उताराचे २, म्हणजे २४ सेंटिमीटर, ७२ ओळी. ७२ भागिले १७: भाग ४, बाकी ४. चार ओळींनी एक टाका सतरा वेळा, आणि वरच्या चार ओळी सरळ. या प्रकरणाचे नाव तिथूनच आले. ताळा पाहायचा तर ५५ मधून मुंढ्याचे १६ आणि गळ्याचे १७ वजा करा. खांद्याला २२ उरतात, म्हणजे १० सेंटिमीटर. दहा, सोळा, दहा, छत्तीस जमले.

भागाकार नेहमी इतका गोड सुटत नाही. कोणाला गळा रुंद हवा असेल आणि त्याच ७२ ओळींत २० टाके कमी करायचे असतील, तर काय? टाके समोरच्या बाजूनेच कमी करायला सोपे, म्हणून ओळींच्या जोड्या करायच्या: ३६ जोड्या. ३६ भागिले २०, भाग १, बाकी १६. बाकी जितकी, तितक्या वेळा भागापेक्षा एक जोडी जास्त. म्हणजे १६ वेळा दोन जोड्यांनी आणि उरलेले ४ वेळा एका जोडीने. आराखड्याच्या भाषेत ४-१-१६ आणि २-१-४. ओळी ६४ अधिक ८, बरोबर ७२. जपानी विणकामाच्या वर्गात हा भागाकार शिकवतात. आपल्याकडे याच जागी अंदाजाने टाके मारतात आणि मग गळ्याची एक बाजू दुसरीपेक्षा दोन ओळी उंच येते.

टाका कुठे कमी करायचा यालाही रीत आहे. अगदी काठावर नाही; काठाचा एक टाका उभा ठेवून त्याच्या आत. समोरून पाहताना गळ्याच्या उजव्या भागावर दोन टाके एकत्र सुलट, म्हणजे वरचा टाका उजवीकडे कलतो. डाव्या भागावर एक टाका न विणता घ्यायचा, पुढचा विणायचा आणि आधीचा त्यावरून ओढायचा. तो डावीकडे कलतो. दोन्ही बाजूंचे टाके उताराच्या दिशेने झुकले की गळ्याच्या कडेने एक स्वच्छ रेघ धावत जाते आणि पुढे पट्टीचे टाके उचलायला ती सोयीची पडते.

तिसरा उतार खांद्याचा, आणि यात टाके कमी करायचेच नाहीत. खांदा सपाट ठेवला तर स्वेटर मानेजवळ उचलला जातो आणि दंडाकडे लोंबतो. पायरी पायरीने टाके बंद केले तर शिवणीत पायऱ्या दिसतात. म्हणून २२ टाक्यांचे चार वाटे करायचे: ५, ५, ६, ६. दंडाच्या बाजूचा एक वाटा न विणता सुईवरच सोडून परत फिरायचे, दोन ओळींनी पुढचा सोडायचा, मग त्याच्या पुढचा. सहा ओळींत मानेची बाजू दोन सेंटिमीटर उंच होते आणि सगळे २२ टाके अजून जिवंत असतात. शेवटी सगळ्यांवरून एक ओळ विणायची, फिरण्याच्या जागी पडलेली भोके मिटवून घ्यायची. पाठीचे २२ आणि पुढ्याचे २२ समोरासमोर धरून टाक्याला टाका जोडत बंद केले की खांद्यावर शिवण जवळजवळ जाणवत नाही.

बाजू शिवून झाल्या की गळ्याची पट्टी, आणि हाफ स्वेटरची परीक्षा इथेच होते. तिरक्या कडेला ७२ ओळी आहेत, पण ७२ टाके उचलले तर पट्टी झालरीसारखी फुगते. २२ टाके आणि ३० ओळी सारख्याच लांबीच्या, म्हणजे प्रमाण साधारण तीनास चार. चार ओळींमागे तीन टाके: प्रत्येक कडेला ५४. मधला जपून ठेवलेला १. पाठीच्या गळ्याचा थोडा खोलगटपणा धरून तिथे ४१. एकूण १५०, सम संख्या, म्हणून गोलाकार सुईवर एक सुलट एक उलट बिनचूक बसते. मधला टाका सुलट यायला हवा, त्याप्रमाणे सुरुवात करायची. मग प्रत्येक फेरीत त्या मधल्या टाक्यापाशी तीनाचा एक करायचा, शेजारचे दोन खाली आणि मधला वर. त्यासाठी मधला आणि त्याच्या आधीचा असे दोन टाके एकत्र, सुलट विणताना घालतो तशी सुई घालून न विणता घ्यायचे, पुढचा सुलट विणायचा आणि ते दोन त्यावरून ओढायचे. मधला टाका व्हीच्या टोकातून सरळ उभा वर जातो. हा एक टाका वाकडा गेला तर सगळा स्वेटर वाकडा दिसतो. आठ फेऱ्यांची पट्टी, पण लोकांची नजर तिथेच जाते.

आपल्या सुया आणि त्यांच्या सुया यांत एक धोका आहे. आपल्याकडे चालत आलेले क्रमांक ब्रिटिश पद्धतीचे, आकडा मोठा तितकी सुई बारीक. दहा नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, पट्टीसाठी. आठ नंबर म्हणजे ४, अंगासाठी. जपानी क्रमांक उलटे चालतात. शून्य नंबर २.१ मिलिमीटर आणि पुढे प्रत्येक क्रमांकाला ०.३ ची भर. चार नंबर ३.३, सहा ३.९, सात ४.२, दहा ५.१. जपानी पुस्तकातला दहा नंबर पाहून आपली दहा नंबरची सुई उचलली तर मोठ्यासाठी घेतलेला स्वेटर पोराला बसेल. उलट, आपल्या दहाच्या जागी त्यांचा चार आणि आपल्या आठच्या जागी सहा किंवा सात घेतले की काम भागते. क्रमांक विसरून मिलिमीटर पाहावेत हे सर्वांत बरे. या सुया बहुधा बांबूच्या. नारा प्रांतातले ताकायामा गाव चहा घुसळायच्या बांबूच्या रव्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिथेच बांबूच्या विणसुयाही होतात. ओसाकाची क्लोव्हर ही १९२५ पासूनची कंपनी तशाच सुया जगभर विकते. बांबूवरून टाका घसरत नाही, शिकणाऱ्याला ते फार सोयीचे.

जपानी पद्धतीचे कौतुक करताना एक गोष्ट लपवू नये. पुस्तकातला आराखडा बहुधा एकाच मापाचा असतो, आणि बायकांचे मध्यम माप म्हणजे छाती ७९ ते ८७ सेंटिमीटर. त्याहून मोठ्या अंगाच्या बाईला तो जसाच्या तसा उपयोगी नाही. इंग्रजी नमुन्यातली कंसांची रांग कंटाळवाणी असली तरी तिच्यात पाच-सात मापे तयार मिळतात. जपानी पुस्तकाने गृहीत धरलेले असते की विणणारीला भागाकार येतो. ज्यांना येतो त्यांच्यासाठी एकच आराखडा कुठल्याही मापाचा होतो. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी ते पुस्तक फोटो बघण्यापुरतेच.

विणकाम हे बायकांचेच काम, हा समजही तिथे अधूनमधून मोडत आला आहे. कादंबरीकार हाशिमोतो ओसामू यांनी १९८३ मध्ये पुरुषांसाठी विणकामाचे जाडजूड पुस्तक लिहिले, तेही पहिल्या टाक्यापासून हात धरून शिकवणारे. १९५५ साली जन्मलेले हिरोसे मित्सुहारू पुढे दूरदर्शनवरचे विणकामाचे सर्वांत ओळखीचे शिक्षक झाले. विणकामाचे राजपुत्र म्हणूनच लोक त्यांना ओळखतात. जाळी आणि वेण्यांच्या विणींत शिदा हितोमी यांचे नाव मोठे. त्यांचा २६० विणींचा संग्रह २०१७ मध्ये इंग्रजीत आला आणि जपानी खुणा परदेशी विणणाऱ्यांच्या हातात पडल्या. २०११ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या केसेन्नुमा या मासेमारीच्या बंदरात तर हातविणीवर एक कंपनीच उभी राहिली. मितारै तामाको यांनी ती चालवली, मिकुनी मारिको यांनी नमुने काढले आणि गावातल्या बायकांनी विणले. पहिल्या कार्डिगनची किंमत सुमारे दीड लाख येन होती, आणि त्यासाठी लोक रांगेत थांबले.

दुसऱ्या टोकाला वाकायामाची शिमा सैकी ही १९६२ पासूनची कंपनी. १९९५ मध्ये तिने असे यंत्र दाखवले जे सबंध कपडा एका सलग विणीत, एकाही शिवणीशिवाय बाहेर काढते. त्या यंत्रालाही काम सांगताना कपड्याचा आकार टाक्यांत आणि ओळींत मांडून द्यावा लागतो.

पहिला जपानी आराखडा हाती घेणाऱ्याने वेण्यांचा टिल्डन निवडू नये. साधी सुलट वीण, एकच रंग, मोठ्या माणसासाठी साधारण ३०० ग्रॅम मध्यम जाडीची लोकर, आणि तीही फिकट रंगाची, कारण काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. चौकडीचा कागद घ्या, एका चौकोनाला एक टाका धरून गळ्याचा उतार आधी कागदावर काढा, आणि तो जमल्यावरच टाके घाला.